माहेरची नोंद

वानखडे मॅडम आमच्या पडवीत बसल्या होत्या आणि आई त्यांना चहा विचारत नव्हती.

आमच्या घरून पोस्टमनसुद्धा चहा घेतल्याशिवाय सुटत नाही. गॅस संपला तर आई चूल पेटवते, दूध नसलं तर कोरा करते, पण करते. त्या दिवशी मात्र ती मधल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि पायरीखाली जोडीनं काढून ठेवलेल्या मॅडमच्या चपलांकडे बघत होती.

पडवीच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. तिला पाळणा टांगलेला होता आणि पाळण्यात सुगंधाची मुलगी झोपली होती. काकी भिंतीला पाठ लावून दोरी ओढत होती. दोरी ओढली की कडी कुरकुरायची, सोडली की गप्प व्हायची. बराच वेळ घरात तेवढाच आवाज होता.

मला सातवा संपत आला होता. घाट उतरून आल्यावर तहान लागली होती, पण आईला पाणी मागायचंही धाडस होईना. या बाईंना मीच घेऊन आले होते.

सुगंधा माझी चुलत बहीण. माझ्याहून लहान, पण लग्न माझ्याआधी झालेलं. नवरा नालासोपाऱ्याला एका छापखान्यात. पहिल्या बाळंतपणाला म्हणून ती इथं आली आणि महिन्यापूर्वी इथूनच गेली. पोटुशीनं मयताचं बघू नये म्हणून मला कळवलंसुद्धा सगळं उरकल्यावर. एकाच बाहुलीवरून भांडलेल्या आम्ही दोघी. तिचं तोंड काही मला बघायला मिळालं नाही. तिच्या लेकीचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. कपाळ तंतोतंत सुगंधाचं. झोपेतही आठी.

आणि वानखडे मॅडम म्हणजे माझ्या साहेब. मूळच्या अचलपूरच्या. नाव कुमुदिनी, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी मी बघितलं नाही. उभी हयात विद्यापीठात आरोग्याचं अर्थशास्त्र शिकवलं आणि पन्नाशी उलटल्यावर सरकारनं त्यांना सल्लागार म्हणून मुंबईला बोलावून घेतलं. त्या काय करतात ते मी आईला एकदा समजावून सांगितलं होतं. दवाखाने, डॉक्टर, गाड्या थोड्या आणि माणसं फार, तर कुणाला काय आणि किती द्यायचं ते मॅडम ठरवतात.

"म्हणजे वाढपी," आई म्हणाली होती.

मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या होत्या. पुढे कित्येक दिवस फोनवर कुणी विचारलं की म्हणायच्या, मी इथं वाढपी आहे.

त्यांच्या हातचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गाड्यांचं सूत्र. बाळंतिणींना दवाखान्यात नेणाऱ्या सरकारी गाड्या पूर्वी वजनदार आमदार म्हणेल त्या गावात उभ्या राहायच्या. मॅडमनी विद्यापीठात असताना एक साधं सूत्र बांधलं. जिथं गरोदर बायकांची नोंद जास्त, तिथं गाडी. कुणाची चिठ्ठी नको, कुणाचा फोन नको. वर्षानुवर्षं त्या हे परिषदांमधून सांगत राहिल्या, लोक टाळ्या वाजवत राहिले आणि गाड्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. शेवटी सरकारनं दोन जिल्ह्यांत ते करून बघायचं ठरवलं. मी त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागले तेव्हा गाड्या हलून गेल्या होत्या, अधिकारी त्यांना मागून गाडीवाल्या बाई म्हणत होते आणि राज्यभर तेच सूत्र लावायची फाईल वर चालली होती. मॅडम त्या दिवसांत साडी नेसून यायला लागल्या होत्या. एरवी कायम चुरगळलेला कुर्ता.

तेवढ्यात विधानसभेत प्रश्न आला. आमच्या शेलवणे गावात एक बाळंतीण गाडीअभावी दगावली हे खरे आहे काय, असल्यास कारणे काय. उत्तराचा मसुदा जिल्ह्यावरून तयारच होऊन आला. सदर महिला सदर गावची नोंदणीकृत लाभार्थी नव्हती. मॅडमनी खाली सही करायची, की सूत्रावर डाग न पडता विषय संपला.

मॅडमनी तो मसुदा मला मोठ्यानं वाचायला दिला. गावाचं नाव आलं तेव्हा मी थांबले. मग बाईचं नाव आलं.

मी कोण ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला घेऊन चल."

अशा आम्ही आलो होतो.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली तेव्हा आईनं उत्तर दिलं नाही, काकीनंच दिलं. दोरी न थांबवता, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं तसं. सकाळची भाकरी झाली होती. सुगंधा मागल्या दारी केस विंचरत बसली होती. कळा नव्हत्या, काही नव्हतं, एकदम रक्त जायला लागलं. आधी खालच्या आरोग्य केंद्राच्या दारात फणसाखाली गाडी उभी असायची, हाक मारली तरी ऐकू जाईल इतक्या जवळ. ती गाडी तालुक्याला कारखान्याच्या वसाहतीत गेल्याचं गावाला ठाऊक होतं, पण फोन केला की येते असं सांगितलेलं. फोन केला. गाडी दुसरीकडे गेली होती, मग घाटात अडकली होती, मग निघाली होती. केंद्रातली नर्सबाई धावत वर आली, तिनं पोर सोडवली, पण रक्त काही थांबेना. शेवटी आंब्याच्या पेट्या उतरवून त्या टेम्पोत सुगंधाला घातली. ती तिसऱ्या वळणापर्यंत बोलत होती. पोरीला दूध पाजा म्हणाली. मग थंडी वाजते म्हणाली. मग टेम्पो परत फिरवला.

मॅडमनी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं की, नोंद नालासोपाऱ्याला होती ना, तपासण्याही तिकडेच झाल्या होत्या, तर ती इकडे कशी आली?

काकीनं दोरी सोडली. पाळणा आपोआप हलत राहिला.

"कशी आली म्हंजे?"

मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यात कुचेष्टा नव्हती. मला मात्र शरमेनं कानशिलं तापल्यासारखी झाली.

"पैलं बाळातपण," काकी म्हणाली. "पोर आयशीकडं नाय येनार तर कुटं जाईल? परवा पंचायतीतला सायेब आला, तो बोलला तुमची पोर हितली नव्हतीच. कागदात नव्हती." तिनं पाळण्याच्या कडेवर हात ठेवला. "माज्या पोटची हाय ती. हितंच जल्मली, ह्याच पालन्यात निजवली. आनी हितली नाय?"

पोर जागी होऊन कुरकुरायला लागली. काकीनं बाटली घेतली, वाटीतलं दूध तिच्यात ओतलं. थोडं खाली सांडलं. मॅडम ते पुसायला पुढं वाकल्या तेव्हा आई पहिल्यांदा हलली. तिनं मध्ये येऊन स्वतःच्या पदरानं जमीन पुसली.

निघताना आईनं मला मागल्या दारी नेलं. माझ्या पोटावरून हात फिरवला, पाय सुजलेत का बघितलं, केस फार गळतात का विचारलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतेच आहे, तेव्हा बघ सगळं. आई लांब कुंपणाकडे बघत राहिली. तिथं तिनं माझ्यासाठी म्हणून शेगव्याचं झाड वाढवलं होतं, बाळंतिणीला दूध यायला पाला बरा म्हणून.

"तू नको येव, बाय," ती म्हणाली.

मला वाटलं, मॅडमना आणल्याचा राग आलाय. मी काहीतरी समजूत घालायला लागले.

"राग नाय. तिकडं दवाखाना जिन्याखाली हाय ना तुमच्या? तिकडंच कर. मी येयन. मला घाट चढता येतो, तुला त्या टायमाला येनार नाय."

आणि एवढं बोलून ती घरात गेली. मी गाडीत बसेपर्यंत बाहेर आली नाही.

घाट चढताना मला दोनदा उलटी झाली. दुसऱ्या वेळेला मॅडम स्वतः उतरल्या, कठड्यावर बसवून माझ्या मानेवर पाणी लावलं. खाली सगळं खोरं दिसत होतं. घरांची कौलं, शाळा, केंद्रापुढचा फणस. त्याच्याखाली आता कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या.

"प्रत्येक मुलगी येते?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्याला येतेच, मॅडम. सातव्यात ओटी भरतात, आठव्यात आणायला जातात."

"येतेच?"

"येतेच."

त्या खोऱ्याकडे बघत राहिल्या. मला समजत नव्हतं. या बाई मराठीच होत्या, लग्न झालेल्या, एका मुलाच्या आई होत्या. आमच्या गावातून तरण्या माणसांनी कधीच बिऱ्हाडं हलवली, नोंदी सगळ्या मुंबईकडे, इथं उरले ते म्हातारे, म्हणून कागदावर इथं गरोदर बाई जवळजवळ नसतेच, हे मलाही आत्ता उलगडत होतं. पण बाळंतपणाला लेक आईकडे येते हे सांगायला कुठलं शास्त्र लागतं? वीस वर्षं हेच गणित मांडणाऱ्या बाईला ते सुचू नये? त्यांनी माझ्या मानेवर ठेवलेला हात मला नकोसा झाला आणि मी तो बाजूला केला. त्यांना ते कळलं.

दुसऱ्या दिवशी उपसचिव धुमाळ साहेब स्वतः मॅडमच्या खोलीत आले. धुमाळ साहेब वाईट माणूस नव्हते. सूत्राची फाईल त्यांनीच चार टेबलांवरून भांडून पुढं नेली होती. मॅडम उत्तर बदलणार आहेत हे त्यांना कळलं होतं. सूत्रात चूक आहे, नोंद सासरची आणि बाळंतपण माहेरचं, म्हणून ज्या गावांच्या लेकी बाहेर दिल्या तिथल्या गाड्या आपण काढून घेतल्या, असं मॅडमनी सरळ लिहून ठेवलं होतं.

साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे समजावत राहिले. चूक आहे ना, मग दुरुस्त करू. पण आत्ता नाही. आत्ता सभागृहात सूत्र चुकलं म्हटलं तर दुरुस्तीला कुणी थांबणार नाही. सूत्रच जाईल. ज्यांच्या दारातल्या गाड्या गेल्यात ते टपूनच बसलेत. सहा महिने गप्प राहा, सूत्र राज्यभर लागू दे, मग आतल्या आत माहेरचं कलम घालून टाकू.

"मॅडम, विद्यापीठात चूक झाली की शुद्धिपत्र निघतं," ते म्हणाले. "इथं बदली निघते."

मॅडम हसल्या. मग पेनाचं टोपण लावत, काढत, पुन्हा लावत बसल्या. मला आठवतं, मी मनातल्या मनात साहेबांच्या बाजूची झाले होते. सहा महिन्यांनी का होईना, फणसाखाली गाडी परत येईल. खरं बोलून कोण येणार होतं? सुगंधा?

"सहा महिन्यांत किती मुली येतील?" मॅडमनी विचारलं.

साहेब म्हणाले, ते कुणालाच माहीत नाही.

"तेच तर. आपल्याला माहीतच नाही त्या कुठं आहेत." आणि मग त्या मसुद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "धुमाळ साहेब, ती बाई नोंदलेली नव्हती हे खरं आहे. म्हणूनच मेली. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिलं खोटं आहे."

त्यांनी आपलं उत्तर पुढं सरकवलं. साहेबांनी ते न वाचताच त्याची घडी घातली. दारापर्यंत गेल्यावर वळून मला म्हणाले की, बाई, तब्येतीला जपा.

सगळं धुमाळ साहेबांच्याच शब्दांप्रमाणे झालं. सभागृहात आरडाओरडा झाला. सूत्र गेलं. दुरुस्त झालं नाही, मोडीत निघालं. गाड्यांचं पुन्हा पूर्वीसारखं, ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात. आमच्या खोऱ्याला आवाज कधी नव्हताच. फणसाखाली शेळ्याच राहिल्या. मॅडमची मुदत संपायच्या आतच त्यांना विद्यापीठात परत पाठवलं. निघताना त्यांनी खोलीतली पुस्तकं मला दिली आणि टेबलावरचं मनीप्लांट शिपाईमामांना.

माझी मुलगी ठाण्याला, जिन्याखालच्या दवाखान्यात झाली. आई आधीच येऊन राहिली होती. येताना शेगव्याचा वाळवलेला पाला, कुळीथ, जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या दुपट्यांचा गठ्ठा, सगळं माहेर पिशव्यांत भरून घेऊन आली होती. तरी आमच्या दोन खोल्यांत ती पाहुणीसारखी वावरायची. मोरीत बाळाला न्हाऊ घालताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून गाणं पुटपुटायची.

एका दुपारी दार वाजलं. मॅडम होत्या, चुरगळलेल्या कुर्त्यात. आईनं त्यांना ओळखलं, बाजूला झाली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तशीच, चौकटीला टेकून.

मॅडमनी बाळाला लांबूनच बघितलं. मग पर्समधून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या उशाशी ठेवलं. लोहाच्या टॉनिकची बाटली होती.

मी हसले. बाळंतिणीला कुणी असलं काही आणतं का?

"मला माहीत नसतं काय आणतात ते," मॅडम म्हणाल्या. त्या खिडकीकडे बघून बोलत होत्या. "आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा कंपाउंडर होते. माझं बाळंतपण नागपूरला, सासरीच झालं. मला न्यायला कोण येणार होतं? सासूबाई म्हणाल्या, हिला माहेर नाही. बाबा तिसऱ्या दिवशी आले. आईनं आणायचं असतं ते त्यांना कुठून ठाऊक? ते अशीच एक बाटली घेऊन आले. दारातच उभे राहून दोन वेळा घे म्हणाले आणि गेले."

मग त्या म्हणाल्या, "रेवती, बाईचं जिथं नाव, तिथंच तिचं बाळंतपण, असं मला वाटायचं. माझं तसंच झालं होतं ना. मला कधी काही चुकतंय असं वाटलंच नाही."

माझ्या मानेवरचा त्यांचा हात मी बाजूला केला होता, तो घाटातला कठडा मला आठवला. आता तो हात त्यांच्याच मांडीवर पालथा पडला होता.

आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. आई बराच वेळ आत होती. बाहेर आली ती चहा घेऊन. आलं भरपूर घातलेलं, कप बशीत, आमच्या घरी पाहुण्याला देतात तसा. तिनं तो मॅडमच्या हातात दिला नाही, समोरच्या स्टुलावर ठेवला. पण त्या तो पिऊन संपवेपर्यंत तिथंच खाली बसून राहिली.

"पोर कुठाय ती?" मॅडमनी तिला विचारलं. सुगंधाची.

नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आईनं सांगितलं. घेऊन गेला तिकडं. काकी आता कुणाशी बोलत नाही.

मॅडमनी कप खाली ठेवला.

त्यानंतर त्या फारशा भेटल्या नाहीत. एकदा विद्यापीठात गेले असताना त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले होते. मोजकीच मुलं होती. मॅडमनी पहिल्याच तासाला विचारलं की, तुमचा जन्म झाला तेव्हा तुमची आई राहत कुठं होती आणि तुम्ही जन्मलात कुठं? मुलं हसली, मग एकेक सांगायला लागली. आजोळी. आजोळी. मामाच्या गावी. मॅडम फळ्याकडे तोंड करून ऐकत होत्या. खडू हातात होता, पण लिहिलं काहीच नाही.

आता हा धाकटा मांडीवर आहे. याच्या वेळेला दिवस राहिल्याचं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा मनात होतं, निदान दुसऱ्याला तरी तिकडं जावं. रस्ता म्हणे आता बरा झालाय. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "मीच येतंय."

गेल्या वैशाखात दोन्ही मुलांना घेऊन गेले होते. आमच्या खोऱ्यातल्या लेकी आता बाळंतपणाला येत नाहीत. आयाच गठ्ठे बांधून मुंबईला जातात. पडवीत बसल्या बसल्या माझ्या मोठीनं वर बोट दाखवून विचारलं, आजी, ही कडी कशाला?

आई विळीवर फणस फोडत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"कांदे टांगायला," ती म्हणाली.

आणि कडीला खरंच कांद्याची माळ होती.